पडवीतला कॅरमबोर्ड

एकदा एक खेळांचा व्यापारी भर दुपारी आपल्या वृद्ध गुरूंच्या दारात येऊन उभा राहिला. एका पायातली चप्पल त्याने काढली होती, दुसऱ्या पायातली तशीच होती. बराच वेळ तो काही हलेना, तेव्हा गुरुजींनी आतूनच विचारले, "येतोयस की जातोयस?"

"तेच विचारायला आलोय," व्यापारी म्हणाला.

हे गुरुजी कोणी संन्यासी नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर वाचकांच्या डोळ्यांपुढे दाढी आणि कमंडलू येईल. शहरातल्या जुन्या पेठेत एक व्यायामशाळा आहे, तिथे त्यांनी चाळीस वर्षे कॅरम शिकवला. त्यांचा एकच नियम होता. पहिला महिनाभर विद्यार्थ्याच्या हाती स्ट्रायकर द्यायचा नाही. त्याने नुसते उभे राहून बघायचे. या नियमाला कंटाळून निम्मे विद्यार्थी पळत, उरलेल्यांना पुढे खेळ येत असे. व्यापारी उरलेल्यांपैकी होता.

"बैस," गुरुजी म्हणाले. "आणि दुसरी चप्पलही काढ."

व्यापारी बसला आणि त्याने आपली हकिगत सांगितली. बावीस वर्षांपूर्वी त्याने पेठेत दुकान टाकले, तेव्हा तो कॅरमबोर्ड, बुद्धिबळाचे पट आणि सापशिडी विकत असे. पुढे खेळ संगणकात शिरले, तसा तोही त्यांच्या मागोमाग शिरला. आता खालच्या गल्ल्यावर जुने खेळ विकले जात आणि नेटवरून संगणकाचे खेळ दूरदूरच्या गावी जात. दुकानाचा खरा आधार होत्या उज्ज्वलाताई आणि त्यांच्या हाताखालची चार माणसे. हा खेळ माझ्या जुन्या मशीनवर चालेल का, माझ्या मुलीला मारामारी बघवत नाही तर तिला काय देऊ, असले प्रश्न दिवसभर येत, समोरून आणि फोनवरून, आणि उज्ज्वलाताई त्यांची उत्तरे देत. पुष्कळदा त्या सरळ सांगत, "हा घेऊ नका, तुम्हाला आवडायचा नाही." असे सांगूनही दुकान चालत होते, हे व्यापाऱ्याला कधीकधी कोडेच वाटे.

"मग बिघडलं काय?" गुरुजींनी विचारले.

"गुरुजी, आता लोक खेळ घेण्याआधी तो दुसऱ्या कोणाला खेळताना बघतात. एखादा तरबेज खेळाडू आपल्या घरी बसून खेळतो, आणि हजारो माणसं आपापल्या घरी बसून त्याच घटकेला ते बघतात. त्याला चिडवतात, आपसांत गप्पा हाणतात. लाइव्ह म्हणतात त्याला. ते दाखवणारी एक मोठी कंपनी आहे. इतकी वर्षं लोक तिच्याकडे बघायचे आणि घ्यायला माझ्याकडे यायचे. छान चाललं होतं. गेल्या महिन्यात तिने खेळ दाखवतात त्याच्या खालीच स्वतःचं दुकान थाटलं. बघता बघता बोट टेकवलं की खेळ घरात."

"बरं."

"बरं काय गुरुजी? बघायलाही तिकडे, घ्यायलाही तिकडे. मग माझ्याकडे कोणी यायचं कशाला? म्हणून मी ठरवलं, आपणही आपलं लाइव्ह काढायचं. माझ्या दुकानात बघा, माझ्या दुकानात घ्या. वरचा मजला रिकामा करतोय. कॅमेरे, दिवे, खेळाडूंच्या खुर्च्या, सगळं ठरलंय. उज्ज्वलाताई आणि त्यांची माणसं त्या कामाला लावायची. पुढच्या सोमवारी करारावर सही आहे."

"मग अडलंय कुठे?"

व्यापाऱ्याने पंचाहत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाकडे पाहिले आणि मग जमिनीकडे पाहिले. "उज्ज्वलाताई म्हणाल्या, मला ते जमायचं नाही, महिनाअखेर मी काम सोडते. तेव्हापासून काही सुचत नाही. सकाळी वाटतं, काढावं. दुपारी वाटतं, काढू नये. जेवायला बसलो की पुन्हा वाटतं, काढावं. बायको म्हणते, तुम्ही आधी धड जेवा. नाही काढलं तर दुकान बसेल, गुरुजी. काढलं तर काय होईल तेच कळत नाही. मला भीती वाटते."

गुरुजींनी खिडकीबाहेर पाहिले. मग म्हणाले, "व्यायामशाळेच्या पडवीत कॅरमबोर्ड आहे ना, तो उचल आणि तुझ्या दुकानात नेऊन ठेव."

"पडवीतला बोर्ड? आणि त्याचं काय करू?"

"चांगल्या उजेडात ठेव. येतील त्यांचं आदरातिथ्य कर. आणि बघ. रविवारी संध्याकाळी पडवीत ये, मग बोलू."

व्यापारी दोन्ही चपला घालून बाहेर पडला, तो आला होता त्याहून अधिक गोंधळलेला होता. त्याने लाइव्हबद्दल विचारले होते आणि गुरूने त्याला हमाली सांगितली होती. पण एक महिना स्ट्रायकरला हात न लावता उभा राहिलेला विद्यार्थी तो. सांगितले ते करायची सवय अजून मोडली नव्हती.

आता त्या पडवीविषयी सांगायला हवे. तिथे रोज संध्याकाळी पाच वाजता बोर्ड मांडला जाई. पंधरा-वीस माणसे जमत. चार जण खेळत, बाकीचे बघत, आणि बाकीच्यांतले निम्मे बघतही नसत. सगळ्यांत चांगली बोटे कासम मिस्त्रींची. ते एक अक्षर बोलत नसत. प्रतिस्पर्ध्याची सोंगटी चुकली की फक्त एक भुवई वर जाई. सगळ्यांत जास्त वेळा हरत ते तुपे कंपाउंडर. हरणाऱ्या जोडीने किटली घेऊन रस्त्यापलीकडच्या टपरीवर जायचे आणि सगळ्यांसाठी चहा आणायचा, असा तिथला रिवाज होता. किटली घेऊन रस्ता ओलांडणाऱ्यावर पडवीतले प्रत्येक जण काहीतरी बोलून घेई. तुपे तर वाटेत थांबून उलट उत्तरे देत, त्यामुळे चहा नेहमी निवून येई. व्यापाऱ्यानेही तरुणपणी ती किटली पुष्कळ वाहिली होती.

गुरुजींचा शब्द म्हणून पडवीतल्यांनी कुरकुर न करता बोर्ड दिला. व्यापाऱ्याने तो दुकानात दर्शनी जागी मांडला. वर खास दिवा टांगला, गुबगुबीत बैठकीच्या खुर्च्या आणल्या, नवी पावडर काढली. आपल्या दारी माणसे येणार, त्यांना कशाला किटली वाहायला लावायची, असा विचार करून त्याने सगळ्यांसाठी वेलचीचा चहा ठेवला, सोबत चिवडा. हरला तरी चहा, जिंकला तरी चहा. वाटपाचे काम वाढले तसे त्याने उज्ज्वलाताईंना म्हटले, "ताई, चार दिवस जरा इकडे बघा." ताईंनी फोनचा आवाज बंद केला आणि कपबशा घेतल्या.

मंगळवारी तेवीस माणसे आली. दुकान गजबजून गेले. व्यापाऱ्याला वाटले, गुरुजी आडून सांगतायत की लाइव्ह काढच. त्या दिवशी तो पोटभर जेवला.

बुधवारी पंधरा आली. तुपे नेहमीप्रमाणे हरले आणि सवयीने किटली शोधत उठले. "बसा हो," व्यापारी म्हणाला, "चहा आलाच." तुपे बसले. कोणाला काही बोलायचे सुचले नाही, म्हणून सगळ्यांनी चिवड्याची तारीफ केली.

गुरुवारी दहा आली. त्या दिवशी गुरुजी स्वतः येऊन गल्ल्याजवळ उभे राहिलेले व्यापाऱ्याला दिसले. सामना बघायला आले असतील, असे समजून त्याने लांबूनच नमस्कार केला आणि खुर्च्या सरकवण्यात गुंतला. पुन्हा पाहिले तोवर ते निघून गेले होते.

शुक्रवारी चार आली. शनिवारी एकटे कासम मिस्त्री आले. त्यांनी मुकाट्याने पाच-दहा सोंगट्या मारल्या, चहा घेतला आणि उठले. व्यापाऱ्याने त्यांना दारात गाठले. "मिस्त्री, खरं सांगा. दिवा डोळ्यांवर येतो का? चहा गोड होतो का?"

"चहा फार चांगला आहे," कासम मिस्त्री म्हणाले. त्यांनी इतके बोललेले व्यापाऱ्याने पूर्वी ऐकले नव्हते. "बुधवारी मी जिंकलो, तेव्हाही हाच होता. काल हरलो, तेव्हाही हाच." आणि ते पायऱ्या उतरून गेले.

व्यापारी त्या वाक्याचा उलगडा करत बसला. चहा रोज वेगळा हवा होता की काय? त्याने उगाच दिव्याची उंची बदलून पाहिली, मग पुन्हा होती तशी केली. उज्ज्वलाताई कपबशा विसळत होत्या. त्यांनी त्याच्याकडे एकदा पाहिले आणि पुन्हा विसळू लागल्या.

रविवारी पाच वाजता तो पडवीत गेला. सगळी मंडळी तिथेच होती. बोर्ड नव्हता म्हणून त्यांनी फरशीवर खडूने वाघबकरीचा पट आखला होता. बाटल्यांची झाकणे बकऱ्या झाली होती आणि दोन सुपाऱ्या वाघ. खेळ इतका सुमार चालला होता की कॅरमच्या एखाद्या नवशिक्यालाही हसू आले असते, पण माणसे एकमेकांच्या खांद्यांवरून वाकून बघत होती. तेवढ्यात तुपे हरले. त्यांनी किटली उचलली आणि रस्त्याच्या मध्यापर्यंत पोहोचायच्या आत पडवीतून कोणीतरी ओरडले, "कंपाउंडर, बकऱ्या तुमच्या म्हणून वाघ उपाशी राहिला नाही." तुपे वळले आणि उत्तर देऊ लागले. एक रिक्षावाला हॉर्न वाजवत थांबला. कासम मिस्त्रींची भुवई वर होती.

गुरुजी पायरीवर बसले होते. व्यापारी त्यांच्या शेजारी बसला आणि सुस्कारा टाकून म्हणाला, "समजलं, गुरुजी. बोर्ड नेला म्हणून पडवी येत नाही. लाइव्ह काढू नये."

"एवढंच समजलं?"

व्यापारी पुन्हा गडबडला. "मग काढावं?"

गुरुजी हसले, पण ते त्याला हसत नव्हते. "तू प्रश्न घेऊन येतोस तोच मुळी दोन दारांचा. काढू की नको काढू. जरा त्या दारांपलीकडचंही बघ. बोर्ड तू छान मांडलास, मी येऊन पाहिला. पण चहा फुकट केलास. हरणारा किटली घेऊन जातो तेव्हा त्याच्यावर काहीतरी बोलून घेता येतं, यासाठीच निम्मी माणसं इथे येतात. हे तुला ठाऊक नव्हतं असं नाही. तू स्वतः किटली वाहिली आहेस. पण यजमान झालास आणि विसरलास. त्या मोठ्या कंपनीकडे माणसं बघायला जातात, तिथेही अशीच काहीतरी किटली असणार. ती कुठली, हे तुला बाहेरून दिसायचं नाही, आणि उज्ज्वलेला कॅमेऱ्यापुढे बसवून तर मुळीच सापडायचं नाही."

"म्हणजे काढू नये, हेच ना?"

"थांब. आता दुसरी बाजू बघ. सोमवारी यांचा बोर्ड गेला. यांनी काय केलं? तुझ्या दुकानासमोर दुसरं दुकान टाकायला निघाले?"

"नाही. खडूने पट आखला."

"घाबरले?"

व्यापाऱ्याने फरशीवरच्या झाकणांकडे पाहिले. "नाही."

"त्या कंपनीने तुझा बोर्ड नेलाय. चांगल्या उजेडात ठेवलाय, वेलचीचा चहा ठेवलाय. पहिल्या दिवशी तेवीस माणसं जातील, जाऊ दे. तुला भीती वाटली आणि तू तिची पडवी बांधायला निघालास. तुझा खडू कुठे आहे, हे शोधलं नाहीस."

"माझा खडू कोणता, गुरुजी?"

गुरुजींनी रस्त्याकडे पाहिले. रस्त्यावरचा वाद मिटवून तुपे टपरीवर पोहोचले होते. "गुरुवारी मी तुझ्या दुकानात आलो होतो."

"सामना बघायला. मी पाहिलं ना तुम्हाला."

"चाळीस वर्षं सामने बघितले, आता आणखी काय बघायचे. माझी थोरली बहीण माझ्याकडे राहते, तुला माहीत आहे. वर्षभरात तिची दृष्टी गेली. दिवसभर खिडकीत बसते आणि कोण आलं, कोण गेलं, विचारत राहते. हाताला कळेल असा एखादा खेळ आहे का, हे उज्ज्वलेला विचारायला आलो होतो. ती चहा ओतत होती. पाव तास उभा राहिलो. माझ्या मागे एक बाई होत्या, त्याही उभ्या होत्या. त्या माझ्या आधी निघून गेल्या."

व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. त्याला स्वतःची लाज वाटली. "कोण होत्या त्या?"

"मला काय माहीत? तुझं गिऱ्हाईक."

मग व्यापाऱ्याने हळूच विचारले, "तिकडे गेलेली माणसं परत येतील?"

"काही येतील. बघून झालं, घेऊन झालं, की एक दिवस काहीतरी विचारावंसं वाटेल. बोट टेकवून उत्तर मिळणार नाही असं काहीतरी. तेव्हा येतील. पण तेव्हा उज्ज्वला जागेवर हवी."

"आणि नाही आली तर?"

"तर माझं चुकलं," गुरुजी म्हणाले. "मी कॅरम शिकवतो, भविष्य सांगत नाही."

इतक्यात तुपे आले आणि त्यांनी व्यापाऱ्याच्या हाती कप दिला. चहा निवलेला होता आणि त्यात वेलची नव्हती. व्यापाऱ्याने तो शेवटपर्यंत प्यायला.

सोमवारी त्याने करार सही न करता परत पाठवला. कॅरमबोर्ड डोक्यावर घेऊन तो पडवीत ठेवून आला. तो परतला तेव्हा उज्ज्वलाताई अजून कपबशांपाशी उभ्या होत्या. त्याने त्यांच्या हातातले फडके काढून घेतले. "ताई, ही जागा तुमची नाही. मी चुकलो. तुम्ही गल्ल्यावर बसा, आणि महिनाअखेरीचं मनातून काढून टाका."

ताई गल्ल्यावर जाऊन बसल्या. व्यापारी गिऱ्हाइकाच्या बाजूला उभा राहिला. "एक विचारायचं होतं. एका आजींची दृष्टी गेली आहे. हाताला कळेल असा खेळ आहे का?"

ताईंनी फळीवरचे खोके काढले नाही. "लहानपणी त्या काय खेळायच्या? हात कापतात का? दुपारी सोबतीला कोण असतं?"

व्यापाऱ्याला तीनपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. बावीस वर्षे खेळ विकून आपण हे कधीच कोणाला विचारले नाही, याचे त्याला नवल वाटले. तो तसाच गुरुजींच्या घरी गेला, दारात दोन्ही चपला काढल्या आणि आजींनाच विचारून आला. लहानपणी त्या कवड्यांनी सारीपाट खेळत. हात कापत नव्हते. दुपारी सोबतीला कोणी नसे.

"मग आपल्याकडचं काही देऊ नका," उज्ज्वलाताई म्हणाल्या. "जाड कापडावर दोऱ्याने पट शिवायचा, घरं बोटाला लागतात. कवडी उताणी की पालथी, ते चाचपून कळतंच. पट मी शिवून देते. फक्त गुरुजींना सांगा, खेळायला चौघी लागतात. शेजारणींना बोलवावं लागेल."

ही गोष्ट ज्यांनी मला सांगितली त्यांना मी विचारले होते, की मग त्या व्यापाऱ्याचा निर्णय बरोबर ठरला का? ते म्हणाले, व्यापाऱ्यालाही ते अजून नक्की माहीत नाही. तो अजूनही काही दुपारी जेवताना मध्येच थांबतो. मोठ्या कंपनीचे दुकान जोरात आहे आणि याचेही दार उघडे आहे. मला हे ऐकून आधी चुकल्याचुकल्यासारखे वाटले, कारण गोष्टीत असे चालत नाही. पण आपणही दुसऱ्याची पडवी बघून आपली माणसे जागची हलवतो, तेव्हा दारात कोण उभे होते याची चौकशी करत नाही, एवढे मात्र मनात राहिले.

एक सांगायचे राहिले. करार परत पाठवल्यानंतरच्या बुधवारी दुकानात एक बाई आल्या आणि जरा बाजूलाच उभ्या राहिल्या. व्यापाऱ्याने त्यांना ओळखले नाही. उज्ज्वलाताईंनी ओळखले.

"गुरुवारी तुम्हाला ताटकळावं लागलं," त्या म्हणाल्या आणि खुर्ची पुढे केली. "बसा. काय विचारायचं होतं?"